आठ बिटांची खरखर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: सीडी 1982 सालीच 16 बिटांची होती, मग 1985च्या अमिगा या घरगुती कॉम्प्युटरात 8 बिटांचा कन्व्हर्टर (साठवलेल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग) बसवणं ही निव्वळ कंजुषी, आणि अमिगाच्या संगीतावरच्या लेखात मी त्या खरखरीचे गोडवे गातो आहे. शिवाय हेडफोनवर ते संगीत ऐकवत नाही.

खरखर होती, मान्य. 8 बिट म्हणजे आवाजाच्या 256 पायऱ्या, सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत जेमतेम 48 डेसिबलचा पल्ला, सीडीचा 96. पण कंजुषीचं पटत नाही. अडचण मेमरीची होती. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला 1,76,400 बाइट लागतात आणि 1987च्या अमिगा 500मध्ये होते 512 केबी. तीन सेकंदांत मशीन काठोकाठ! 16 बिटांचा कन्व्हर्टर दिला असता तरी त्याला वाजवायला काय देणार होतो?

म्हणून लोक तुकडे साठवत. ड्रमचा एक ठोका, बासचा एक सूर. प्रिंटरच्या पोर्टला सॅम्पलरची, म्हणजे आवाजाचे आकडे करणारी, डबी जोडायची, आवाज फाटणार नाही इतपत चढवून भरायचा. हळू भरला तर 256पैकी निम्म्या पायऱ्या वाया जात, आणि बरीचशी खरखर तिथूनच येई. मग अमिगातली आवाजाची पॉला चिप तोच तुकडा भरभर वाजवून वरचा सूर काढी, संथ वाजवून खालचा. चॅनेल चारच, म्हणजे एका वेळी चारच तुकडे वाजत, त्यामुळे अख्खी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकाच तुकड्यात भरून ठेवायची युक्ती निघाली.

ग्लेन केलर यांच्या या चिपमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक चॅनेलला स्वतःचा कन्व्हर्टर, आणि आवाज कमी-जास्त करायची 64 पायऱ्यांची सोय कन्व्हर्टरच्याही पुढे. त्यामुळे सुराचा आवाज कितीही कमी केला तरी त्याचे आठही बिट शाबूत राहत. पीसीच्या प्रिंटर पोर्टला आवाजासाठी जोडायचा कोव्हॉक्स म्हणजे मुळात रेझिस्टरांची शिडी, एकच साधा कन्व्हर्टर. तिथे सगळे सूर प्रोसेसरनेच मिसळायचे, आणि आवाज उतरवला की बिटही झडायचे. काटकसर करणारा माणूस चार-चार कन्व्हर्टर बसवत नाही हो.

हेडफोनबद्दल मात्र तुमचंच खरं. दोन चॅनेल पूर्ण डावीकडे, दोन पूर्ण उजवीकडे; बास एकाच कानात घुमत राहतो आणि डोकं उठतं. मी त्याला ‘सुंदर स्टिरिओ’ म्हटलं होतं, ते चुकलं. लेखातली ती ओळ आज बदलली आहे.