‘फॉरमॅट करा, डेटा नंतर काढता येतो’? धड नाही येत!

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरून फिरत फिरत तो मेसेज ऐरोलीला माझ्या भाचीपर्यंत पोहोचला: ‘विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही? चार सोपे उपाय!’ तिच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसत होतं आणि ती तिसरा उपाय करायच्या बेतात होती.

मेसेजचा पहिलाच मुद्दा: ग्रब रेस्क्यू आलं म्हणजे डिस्क खराब झाली. छे. ग्रबला (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज की लिनक्स हे विचारणारा प्रोग्रॅम) आपल्या उरलेल्या फायली डिस्कच्या ज्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर, आहेत ते सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पार्टिशनचे नंबर हलले तरी हे होतं. फायली बहुधा जागच्या जागी असतात.

दुसरा उपाय विंडोजच्या दोन कमांडचा: बूटरेक /फिक्सएमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिणारी), मग चेकडिस्क /आर (डिस्क तपासून दुरुस्त करणारी). पहिल्या कमांडने जुन्या, एमबीआर पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनवर निदान विंडोज सुरू होतं, हे मान्य. नव्या, यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या लॅपटॉपवर उपयोग शून्य. चेकडिस्क मात्र घातक ठरू शकतं. जीएनयू डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कवरून कॉपी काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट बजावलंय की वाचताना एरर देणाऱ्या डिस्कवर फाइल सिस्टिम दुरुस्त करायला जाऊ नका, आणखी डेटा जाईल. आधी कॉपी, मग दुरुस्ती, तीही कॉपीवर.

आता तिसरा, ज्यासाठी हे लिहायला बसलो: ‘डिस्क काढून दुसऱ्या विंडोजला लावा, फॉरमॅट करू का विचारेल, हो म्हणा, मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा.’ अरे, कशासाठी? विंडोजला लिनक्सचं ईएक्सटी४ पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅटचं विचारतं. डेटा शाबूत असतानाही विचारतं. क्विक फॉरमॅटमध्ये विंडोजच्या एनटीएफएसची नवी रचना लिहिली जाते आणि सुरुवातीचा सुपरब्लॉक (पार्टिशनच्या रचनेची मुख्य नोंद) पुसला जातो. फिरत्या हार्डडिस्कवर त्यानंतरही काही हाती लागतं, खोटं कशाला बोलू. पण फोटोरेकसारख्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढलेल्या फायलींना ना मूळ नाव असतं ना फोल्डर. ‘एफ’ आणि पुढे आकडे, अशा हजारो फायलींत लग्नाचे फोटो शोधत बसा. फुल फॉरमॅट केलंत तर व्हिस्टापासूनचं विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. आणि एसएसडी असेल तर फॉरमॅटबरोबर ट्रिमची (इथला डेटा आता नको, अशी) सूचना जाते, त्यानंतर वाचाल तिथे बहुधा शून्यंच मिळतात. ती खिडकी आली की ‘कॅन्सल’. दुसरं काही नाही.

करायचं ते असं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू या लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलची इमेज फाइल) उतरवून रुफस या प्रोग्रॅमने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. त्यावरून बूट करून ‘ट्राय उबुंटू’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. पार्टिशन वाचण्यापुरतंच माउंट करा, म्हणजे उघडा (माउंटला ‘आरओ’ हा पर्याय देऊन) आणि फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजचं पार्टिशन माउंट व्हायला नकार देत असेल तर बहुधा विंडोजच्या फास्ट स्टार्टअप सोयीमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. तेही ‘आरओ’ने उघडतं. हायबरनेशनची फाइल उडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्क टकटक करत असेल किंवा कॉपी अडकत असेल तर थांबा आणि डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढा: आधी ‘-एन’ लावून सोपा भाग, मग ‘-आर3’ लावून अडलेल्या सेक्टरांचे तीन प्रयत्न. मॅप फाइल (कुठपर्यंत कॉपी झाली याची नोंद) द्यायला विसरलात तर मध्येच वीज गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. इमेज ठेवायची डिस्क फॅट32 फॉरमॅटची नको, तिथे एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही.

चौथा उपाय डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा. अडकलेल्या जुन्या डिस्कवर तो कधीमधी चालला असेलही. पण जुलैत ठाण्याच्या हवेत थंडगार डिस्क बाहेर काढा आणि तिच्यावर पाणी कसं धरतं ते बघा.

मेसेजमध्ये नसलेली एकच अडचण खरी आहे: बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. ते चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागते. आधी फोनवरून आपलं मायक्रोसॉफ्ट खातं उघडून बघा, बहुतेकदा तिथे असते. कुठेच नसेल, तर ‘की शिवाय काढून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.