रश लिंबॉ, डोनोव्हन मॅकनॅब आणि स्टुडिओतली शांतता

अमेरिकन फुटबॉलमध्ये राजकारण कोणी आणलं, असा विषय निघाला की लोक थेट 2016 वर येतात. कॉलिन कॅपरनिक हा खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि तिथून सगळं बिघडलं, असं ठासून सांगतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्याच्या तेरा वर्षं आधी एका क्रीडावाहिनीने पगार देऊन राजकारण स्टुडिओत आणून बसवलं होतं.

2003 च्या उन्हाळ्यात ईएसपीएनने रश लिंबॉला 'संडे एनएफएल काउंटडाउन' या रविवार सकाळच्या कार्यक्रमात घेतलं (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग). लिंबॉ म्हणजे उजव्या विचारांचा, रेडिओवरचा त्या काळातला सगळ्यात मोठा आवाज. रोज तीन तास राजकारणावर बोलायचा आणि देशभर कोट्यवधी लोक ऐकायचे. तो फुटबॉलचा चाहता होता हे खरं, पण चाहते काय, गल्लोगल्ली मिळतात. त्याला घेतलं ते त्याच्या नावासाठी, आणि त्या नावाभोवती कायम असणाऱ्या वादासाठी.

28 सप्टेंबरच्या कार्यक्रमात विषय होता फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब. (जे हा खेळ बघत नाहीत त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू येतो आणि ज्याने दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे टाकायचा हे ठरवायचं असतं. संघाचा मेंदू तोच, आणि हरल्यावर शिव्या खाणारा पहिला माणूसही तोच.) लिंबॉ म्हणाला, मॅकनॅब मुळातच इतका चांगला नाही. माध्यमांना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी झालेला बघायचाय, म्हणून संघाच्या कामगिरीचं श्रेय त्याला दिलं जातं. खरं तर संघ डिफेन्सने, म्हणजे समोरच्या संघाला रोखणाऱ्या खेळाडूंनी तारला.

यातलं डिफेन्सचं वाक्य फुटबॉलचं आहे. ईगल्सचा डिफेन्स तेव्हा खरोखर जबरदस्त होता, आणि त्या सीझनची सुरुवात मॅकनॅबने वाईट केली होती. नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये पहिल्या दोन्ही मॅच घरच्या लोकांसमोर हरले होते. त्याच्यावर टीका व्हायलाच हवी होती. कुठला पास कमी पडला, कुठे चेंडू हातात जास्त वेळ ठेवला, बोला ना! व्हिडिओ समोर आहे, थांबवून दाखवा.

पण माध्यमांच्या मनात काय आहे, हे कुठल्या व्हिडिओत दिसतं? इथे लिंबॉ फुटबॉल सोडून स्वतःच्या रोजच्या धंद्यावर गेला. राजकीय भाष्यकाराची पोळी समोरच्याच्या हेतूवर भाजली जाते. अमुक जण असं बोलतो, कारण त्याच्या मनात तमुक आहे. हे सिद्धही करावं लागत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. रेडिओवर ते तीन तास चालतं. ज्या खेळात प्रत्येक यार्ड मोजला जातो, तिथे ते चालवून घ्यायला नको होतं.

आणि माध्यमं मॅकनॅबला सांभाळून घेत होती म्हणे! कुठली माध्यमं? फिलाडेल्फियाची? 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, ईगल्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या हॉलमध्ये ईगल्सच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांना चेंडू घेऊन पळणारा रिकी विल्यम्स हवा होता. आणि त्या चाहत्यांना तिथे गोळा करून नेलं होतं फिलाडेल्फियाच्याच एका स्पोर्ट्स रेडिओच्या मंडळींनी. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, नव्या संघाची टोपी डोक्यावर घालून बाविशीचा मुलगा स्टेजवर उभा आहे आणि आपलेच लोक ओरडतायत. याला लाड म्हणायचं?

नोव्हेंबर 2002 मध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्ध मॅच सुरू होताहोताच त्याचा घोटा दुखावला. तो पट्ट्या बांधून परत आला आणि खेळतच राहिला. 25 पैकी 20 पास पूर्ण, चार टचडाउन (म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण). मॅचनंतर कळलं की हाड मोडलं होतं. ती मॅच बघितलेला माणूस 'न कमावलेलं श्रेय' हे शब्द तोंडातून काढूच कसे शकतो, हे मला आजही कळत नाही.

इतिहासही बरोबर उलटा आहे. 1968 मध्ये डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को क्वार्टरबॅक म्हणून खेळला, चांगला खेळला, आणि पुढच्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघात जाऊन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, व्हावं लागलं. 1978 मध्ये वॉरन मूनला एकाही संघाने ड्राफ्ट केलं नाही. तो कॅनडात गेला, तिथे एकामागून एक विजेतेपदं जिंकली आणि 1984 मध्ये ह्यूस्टनने त्याला परत आणलं. पुढे तो खेळातल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. या जागेवर कृष्णवर्णीय खेळाडूला दुप्पट सिद्ध करावं लागलं, तेव्हा कुठे निम्मा विश्वास मिळाला.

तरीही मला सगळ्यात जास्त राग लिंबॉचा येत नाही. तो जे करत आला तेच त्याने केलं. राग येतो स्टुडिओत त्याच्याबरोबर टेबलावर बसलेल्यांचा. ख्रिस बर्मन, टॉम जॅक्सन, स्टीव्ह यंग, मायकेल आयर्विन. यातले तिघे स्वतः खेळलेले, आणि त्यातले दोघे कृष्णवर्णीय. मॅकनॅब चांगला की वाईट यावर ते बोलले, पण वर्णाचा मुद्दा कुणीही तिथल्या तिथे अडवला नाही. दोन-तीन दिवसांनी देशभर गदारोळ झाला, लिंबॉने 1 ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि पुढच्या रविवारी जॅक्सन बोलला की हा माणूस या कार्यक्रमासाठी योग्य नव्हता. बोलला ते उत्तमच बोलला. पण रेटिंगसाठी लिंबॉला आणणाऱ्या ईएसपीएनच्या साहेबांनी हा सगळा भार त्या चौघांवर टाकला होता, हेही तितकंच खरं.

2009 मध्ये लिंबॉ सेंट लुईस रॅम्स हा संघ विकत घेऊ पाहणाऱ्या गटात होता. अनेक खेळाडूंनी उघड विरोध केला आणि शेवटी गटाने त्याला वगळलं. खेळाडूंचा तो हक्कच होता. पण त्याच सुमारास गुलामगिरीबद्दलची काही भयंकर वाक्यं त्याच्या नावावर टीव्हीवर फिरवली गेली. ती त्याने बोलल्याचा काहीही पुरावा नव्हता आणि काहींना नंतर माफी मागावी लागली. हे चूकच होतं. त्याची खरी वाक्यं पुरेशी असताना खोटी कशाला रचायची?

खेळात आपली ठरलेली राजकीय गोष्ट घुसवायचा हा रोग पुढेही गेला नाही. जानेवारी 2023 मध्ये सिनसिनाटीत बफेलोचा डमार हॅमलिन एका टॅकलनंतर मैदानातच कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर सीपीआर देत होते, सहकारी त्याच्याभोवती कडं करून रडत होते, आणि त्याच रात्री काही राजकीय भाष्यकारांनी कोव्हिडच्या लशीकडे बोट दाखवायला सुरुवात केली. छातीवर बसलेला धक्का सगळ्या देशाने बघितला होता, आणि पुढे डॉक्टरांनीही तेच कारण सांगितलं. पण यांची गोष्ट आधीच तयार होती, फक्त तिच्यात बसवायला एक माणूस हवा होता.

2004 मध्ये मॅकनॅबने 31 टचडाउन पास टाकले, फक्त 8 इंटरसेप्शन दिले (म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास) आणि ईगल्सला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. बरेच जण हे लिंबॉला दिलेलं उत्तर म्हणून सांगतात. मी नाही सांगत. मॅकनॅब तो सीझन साफ अपयशी ठरला असता तरी लिंबॉचं बोलणं तितकंच पोकळ राहिलं असतं.

आज ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स आहे. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. तरीही फिलाडेल्फियाचा रेडिओ लावा, लोक त्याला सोडत नाहीत. चेंडू फार वेळ धरतो, मैदानाच्या मधल्या भागात पास टाकायला कचरतो. मला यातलं काही पटतं, काही नाही. पण ही टीका त्याने टाकलेल्या आणि न टाकलेल्या पासवर आहे, आणि ती मी दिवसभर ऐकायला तयार आहे.