परक्याच्या हाती

आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय. पुण्यातली मामेबहीण बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली आणि बाळाला कंपनीच्या पाळणाघरात ठेवू लागली. "तान्ह्या लेकराला परक्याच्या हाती देणं आपल्या संस्कारात नाही," असं मावशीने लिहिलं. वर मलाही ओढलं: "अमेरिकेतली तर देवळातसुद्धा पोर दुसऱ्याकडे ठेवून उपासनेला बसते."

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

हो मावशी, ठेवते. टेक्सासमधल्या प्लॅनोतल्या आमच्या चर्चमध्ये, दर रविवारी. दारातल्या कियोस्कवर फोन नंबर टाकला की दोन स्टिकर निघतात, दोन्हींवर एकच कोड. एक मुलीच्या पाठीवर, दुसरं माझ्याजवळ. ते दाखवल्याशिवाय मूल कुणाच्याही हाती देत नाहीत, अगदी तिच्या बाबाच्याही. खोलीत कायम दोन मोठी माणसं, दोघांचीही पार्श्वभूमी तपासलेली. दाराला काच. झोपलेल्या बाळाला उताणंच निजवायचं. आदल्या दिवशी ताप असेल तर आत घेत नाहीत. नगरला लहानपणी मी उपासनेत या हातातून त्या हातात फिरत पार मागच्या बाकापर्यंत जायचे, म्हणे. कोणी घेतलं, कुठे नेलं, कुणी विचारायचं नाही. त्यात माया होती, मान्य. पण तिथे मूल जास्त सुरक्षित होतं असं मला सांगू नकोस.

आणि संस्कारांचं म्हणशील तर तुझी आई मिशनच्या शाळेत शिक्षिका, माझी आई मिशन हॉस्पिटलात नर्स. आईची नाइट ड्युटी असली की मी शेजारच्या काकूंकडे झोपायचे. आपल्या बायका अशाच कामाला गेल्या, म्हणून आपण शिकलो. आपल्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बाया फडाच्या कडेला झोळी बांधून लेकरू ठेवतात. त्यांना कधी कुणी संस्कार विचारले?

मामेबहिणीच्या पाठीशी निदान कायदा तरी आहे. 2017च्या दुरुस्तीपासून 26 आठवडे पगारी रजा मिळते, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. मला इथे 1993च्या कायद्याने 12 आठवडे मिळाले, तेही बिनपगारी.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलंय. पहिल्या रविवारचं मात्र लिहिलं नाही.

मुलगी पाच महिन्यांची होती. बाटलीवर नाव, बॅगेवर नाव. नर्सरीतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात पुढे केले, मी मुलगी दिली आणि दोनदा परत येऊन काचेतून पाहिलं. बाळ फार रडलं तर मुख्य सभागृहातल्या पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा कोड झळकतो. गाणी झाली, प्रवचन झालं, मी त्या कोपऱ्यावरून नजर हलवली नाही. प्रार्थनेतही डोळे मिटले नाहीत. कोड आलाच नाही. धावत गेले, तर डुलत्या खुर्चीत त्या बाईंच्या छातीशी मुलगी गाढ झोपलेली, त्यांचं बोट मुठीत घट्ट. त्या हळू आवाजात काहीतरी इंग्रजी गुणगुणत होत्या.

माझ्या पोटात तुटलं. तिने रडावं, माझा कोड पडद्यावर यावा, असं तासभर मला वाटत होतं हे तेव्हा कळलं.

डिसेंबरात नगरला आलो, तुला आठवत असेल. तू किती हौसेने तिला मांडीवर घेतलंस. तिने असा टाहो फोडला की तू लगेच माझ्याकडे दिलीस. "ओळख नाही ना अजून," एवढंच म्हणालीस आणि चहा टाकायला आत गेलीस. तिला गप्प करायला मी त्या बाईंचीच चाल गुणगुणले. आपली एकही अंगाई तिच्या ओळखीची नव्हती. मी कधी म्हटलीच नव्हती.