खोलायचं काम पण पोरांनाच द्या ना भो
"मुलांना रंग आणि स्टिकर निवडू द्या, खोलण्या-जोडण्याचं काम मेकॅनिककडे सोपवा" हे जुनी सायकल मुलांसोबत नव्याने उभी करण्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मग पोरांच्या वाट्याला उरलं काय, शॉपिंग? आम्ही जळगावला माझ्या वडिलांची जुनी अ‍ॅटलास सायकल काढली, वर्षानुवर्षं गोठ्यात पडून होती, आणि लेकीला सगळ्यात जास्त मजा आली ती खोलण्यातच. डावं पेडल उलट्या बाजूने सुटतं हे मी मुद्दाम सांगितलं नाही, पान्याला लटकून लटकून तिनेच शोधलं, आणि चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून तसे आटे असतात हे कळल्यावर घरात येईल त्याला पकडून सांगत होती. छर्रे रॉकेलमध्ये धुणं, मोजून ग्रीसमध्ये परत बसवणं, सगळं तिनेच केलं.

हां, कॉटर पिन (पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसाला पक्का धरणारी खीळ) तेवढी मोठ्यांनी काढावी. नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी बरोबर ठेवायचा, क्रँकला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्यायचा आणि मग हातोडी, नाहीतर आटे चेपतात अन् पिन तिथेच अडकते. लेखात यावर एक ओळ नाही, पावडर कोटिंगवर (भट्टीत भाजून पक्का करायच्या रंगावर) मात्र केवढं लिहिलंय! अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्येच बंद पडला, त्यामुळे समोरचा बिल्ला आणि मडगार्डवरचे जुने पट्टे आम्ही तसेच ठेवले. कॅरिअर मात्र तिच्या हट्टाने भडक केशरी केलंय, आजोबांना अजिबात आवडलेलं नाही.