घरंदाज

परवा आमच्या पेठेतल्या एका कार्यक्रमाला गेले होते. विषय होता कोल्हापूर आणि मराठी सिनेमा. वक्ते तयारीनं आलेले, बोलतही छान होते. बोलता बोलता दुर्गा खोटे यांचं नाव निघालं आणि ते म्हणाले, "दुर्गाबाई आल्या आणि सिनेमा घरंदाज झाला." टाळ्या पडल्या. टाळीसाठी माझेही हात वर आले होते, ते तसेच खाली घेतले. घरी आल्यापासून तो शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पोस्ट लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते. दरवर्षी 22 सप्टेंबरला, बाईंच्या स्मृतिदिनी, मोबाईलवरही ते फिरत येतं. चांगल्या घरातली, शिकलेली, पहिली. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, त्यात वाद नाही. पण कौतुक कुणाचं होतं बघा. होतं ते घराण्याचं. बाईनं काय केलं ते राहूनच जातं.

बाईंचं माहेरचं नाव विटा लाड. जन्म 14 जानेवारी 1905, मुंबईचा. वडील सॉलिसिटर, कांदेवाडीत भरलेलं घर, शाळा कॅथेड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात. मग त्या घराची श्रीमंती गेली. पदरात दोन लहान मुलगे, हातात पैसा नाही. बाईंनी आधी शिकवण्या केल्या. त्यावर भागेना तेव्हा 1931 साली एका बोलपटात छोटंसं काम घेतलं, आणि त्या कामानं त्यांची नाचक्कीच झाली. आपले, परके, सगळे बोलले. घराणं होतं तेव्हाही होतंच की. त्या घराण्यानं त्या दिवसांत त्यांना काय दिलं? बोलणी दिली. बाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या त्या पोरांच्या पोटासाठी. विशीतली ती आई पुन्हा उभी राहिली ती आपल्या कोल्हापुरात.

1929 च्या 1 जूनला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी इथं प्रभात फिल्म कंपनी काढली. 1932 साली तिचा पहिला बोलपट आला, 'अयोध्येचा राजा'. मराठीतला पहिला बोलपट म्हणून तोच सांगितला जातो. हिंदीतही केला होता, म्हणजे एकच प्रसंग दोन भाषांत, दोनदा. हरिश्चंद्र आपले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. तारामती दुर्गाबाई. आधी गाणं रेकॉर्ड करून मग नुसते ओठ हलवायची सोय तेव्हा नव्हती. कॅमेरा चालू असतानाच गायचं, वाजवणारे चौकटीच्या बाहेर बसलेले, आणि समोर टेंब्यांसारखा गवई. सूर चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जिनं त्याआधी नाव घेण्यासारखं काही केलेलं नव्हतं, तिनं हे केलं.

हा सिनेमा आजही बघायला मिळतो. बघा एकदा. आवाज खरखरतो, चित्र मध्येच उडतं, संवाद नाटकी वाटतात. पण काशीच्या बाजारात राणी विकायला उभी राहते तिथं थांबा. मी तो भाग चार वेळा मागं नेऊन पाहिला. उंच, सडसडीत बाई, कडेला पोर, भोवती गिऱ्हाइकं. तिची मान बघा.

'मान बघ' हे माझं नाही, आजीचं आहे. आमची आजी, वडिलांची आई, पन्नासच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत गर्दीत उभी राहायला जायची. जत्रेचा सीन असला, गावातली सभा असली की पेठेतल्या चार-पाच बायका मिळून जायच्या. दिवसाचे पैसे मिळायचे, दुपारी जेवण मिळायचं. आजोबांना माहीत होतं. सासूला सांगायचं पंचगंगेवर धुणं घेऊन चाललो म्हणून. खरंच धुण्याची बादली घेऊन निघायची आणि येताना वाटेतल्या नळावर चार कापडं भिजवून आणायची! हे आम्हाला कळलं ती पंच्याहत्तरीला आली तेव्हा, तेही टीव्हीवर दुर्गाबाईंचा एक हिंदी सिनेमा लागला होता म्हणून. त्यात बाई म्हाताऱ्या होत्या, कुणाची तरी आजी झालेल्या. आमची आजी जपमाळ बाजूला ठेवून पुढं सरकली आणि म्हणाली, "खोटेबाईंची मान बघ. कुठं वाकती का बघ. आमाला भालजीबाबांच्या हितं सांगायचे, खाली बघू नका, म्होरं बघा. मला कवाच जमलं न्हाई. मी आपली खालीच बघत उभी ऱ्हायलो."

का खाली बघत होती ते मी तेव्हा विचारलं नाही. ओळखीच्या कुणी पडद्यावर बघितलं तर, ही धास्ती. घरंदाजपणाची ही दुसरी बाजू. ज्यांच्याकडं तो शिक्का नव्हता त्यांनी तोंड लपवायचं.

आणि दुर्गाबाईंच्या आधी? 1920 साली बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. पडद्यावर बायकांची कामंही बहुतेक पुरुषच करायचे असा तो काळ. बाबूरावांनी दोन बायका घेतल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी केली. समाजानं त्यांना बाहेर काढलं, कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. दुर्गाबाई यायच्या बारा वर्षं आधी, याच गावात. त्याच कंपनीच्या पाठीशी पैसा उभा केला तो तानीबाई कागलकरांनी. गायिका होत्या त्या. कोल्हापूरच्या सिनेमाचा पाया आपण कलानगरी म्हणून अभिमानानं सांगतो, त्या पायात या बाईचे पैसे आहेत. 'दुर्गाबाई आल्या आणि सिनेमा घरंदाज झाला' असं म्हणताना या तिघी कोण ठरतात? हे वाक्य तुम्ही तानीबाईंच्या समोर बोलला असता का?

दुर्गाबाईंच्या कामाबद्दल मात्र कितीही बोललं तरी मला पुरत नाही. 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या राणी किलोतला झाल्या, तोही 1932 चा, प्रभातचा मुक्काम अजून कोल्हापुरातच होता. त्यात त्यांच्याजवळ खराखुरा चित्ता आहे. आपल्या संस्थानात तेव्हा शिकारीचे चित्ते असायचे, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असायचे, इथल्या लोकांना त्याचं नवल नव्हतं. पण कांदेवाडीत वाढलेल्या मुलीनं चित्त्याच्या अंगावर हात ठेवून राणीचा दरारा चेहऱ्यावर आणायचा, ही साधी गोष्ट आहे का? 1933 साली प्रभात पुण्याला गेली. दुर्गाबाई मात्र कुठल्याही एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत, आणि मला त्यांची ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. तेव्हा नट-नट्या महिन्याच्या पगारावर असायच्या, कंपनी सांगेल ते काम. बाई कलकत्त्याला गेल्या, तिथं मीरा झाल्या, सीता झाल्या, त्यांचा 'सीता' पार व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पुन्हा प्रभातकडं येऊन 1936 साली 'अमर ज्योति'मध्ये समुद्रावर सूड घेत फिरणारी सौदामिनी केली. 1937 साली 'साथी' नावाचा स्वतःचा सिनेमा काढला. घरच्या अडचणीपायी कामाला लागलेली बाई पाच-सहा वर्षांत स्वतःच्या अटींवर काम करते, स्वतः निर्माती होते. हे घराण्यानं दिलेलं नाही. हे तिनं मिळवलं.

नाटकाबद्दल लोक कमी बोलतात, आणि त्याला कारणही आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई, समोर नानासाहेब फाटक राघोबा. 'ध' चा 'मा' आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, ती आनंदीबाई. 1954 साली शिरवाडकरांनी मॅकबेथवरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये लेडी मॅकबेथच्या जागी त्याच. सिनेमात सोशिक आया करणाऱ्या बाईनं रंगभूमीवर या दोन बायका केल्या, दोघी नवऱ्याला खुनाच्या वाटेवर लोटणाऱ्या. त्यातलं आज आपल्याला काहीही बघता येत नाही. पडदा पडला, संपलं. 2024 च्या 8 ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा खासबागेच्या बाजूला आम्ही सगळे नुसते उभे होतो. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं नाट्यगृह, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शेजारचे एक काका रडत होते, तिथल्या एकेका नाटकाचं नाव घेत होते. नाटकं तर कधीच संपली होती, आता ती जागाही जळाली. मला त्या रात्री कळलं नाही की ते कशासाठी रडतात. आता कळतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई, बादशहा नवरा आणि बंडखोर मुलगा यांच्या मध्ये उभी. 'बिदाई'साठी फिल्मफेअर, 1968 साली पद्मश्री, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. उतारवयात त्यांच्याच संस्थेनं दूरदर्शनसाठी 'वागळे की दुनिया' काढली, ती आम्ही सगळ्यांनी बघितली आणि पाटीवर त्यांचं नाव असतं हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या लक्षातही आलं नाही. मुलगा हरीन तरुणपणी गेला. त्याची बायको म्हणजे आपल्या विजयाबाई, पुढं विजया मेहता म्हणून मराठी रंगभूमीला वळण देणाऱ्या. हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच घरात सासू आणि सून, दोघी तरुणपणी विधवा झालेल्या, दोघींच्या पदरी दोन-दोन मुलं, आणि दोघींनी काम थांबवलं नाही.

मी त्या वक्त्यांना कार्यक्रमानंतर जाऊन भेटले. सैरंध्रीच्या दोघींची नावं घेतली, तर त्यांना ती माहीत होती! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, ताई, वेळ कमी होता. वेळ कमी होता म्हणून नेमक्या त्याच गळाल्या, हेच मला बोचतंय. खरी कॉर्नरला आपण कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा केला, मी रोज तिथून जाते आणि मला तो आवडतो. पण कॅमेरा कुणाकडं तरी रोखलेला असतो ना? त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या बायकांची नावंही गावानं तिथं कोरावीत, गुलाबबाई, अनसूयाबाई, दुर्गाबाई, आणि सोबत तानीबाई. महापालिकेला तसं पत्र मी लिहिलंय. माझ्या सहीखाली पेठेतल्या एकतीस बायकांच्या सह्या आहेत, अजून हव्यात.

14 जानेवारीला दुर्गाबाईंचा वाढदिवस असतो आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत. यंदा हळदीकुंकू मी त्याच दिवशी ठेवलंय, संध्याकाळी पाचला. आमच्या घरात आजीपासूनची रीत होती, नवरा नसलेल्यांना बोलवायचं नाही. ती यंदापासून नाही. एकट्या असाल, विधवा असाल, सोडून आलेल्या असाल, सगळ्यांनी या. हॉलमधल्या टीव्हीवर 'अयोध्येचा राजा' लावणार आहे. तिळाच्या वड्या मी करते, सतरंज्या भरपूर आहेत, गुडघे दुखतात त्यांच्यासाठी सहा खुर्च्या काढून ठेवल्यात. सह्यांचा कागद दारातच ठेवते. वाण म्हणून आजीच्या त्या धुण्याच्या बादलीएवढी तर नाही, पण एकेक छोटी पितळी बादली देणार आहे, कालच भांडी गल्लीत सांगून आले.