मिशिगनकरांनो, मतपत्रिका उलटून बघा

मध्यावधी निवडणूक आली की मिशिगनमधल्या आपल्या मराठी गप्पा दोनच गोष्टींवर येऊन थांबतात: गव्हर्नर कोण आणि श्री ठाणेदारांचं काय. बेळगावात वाढलेला माणूस २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) हरतो आणि २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, जातो, याचं अप्रूप असणारच.

माझं भांडण न्यायाधीशांच्या रकान्याशी आहे. मतपत्रिकेवर सगळ्यात वर एक गोल रंगवला की एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. गव्हर्नर, काँग्रेस, राज्य सिनेट, अगदी मिशिगन विद्यापीठाचे रीजंट (नियामक मंडळाचे सदस्य) सुद्धा. न्यायाधीशांना मात्र तो गोल लागू नाही. ती नावं एकेक करून निवडायची, आणि नावापुढे पक्ष छापलेला नसतो. आता गंमत बघा, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे उमेदवार पक्षांच्या अधिवेशनातच ठरतात! उभं पक्षाने करायचं, प्रचार पक्षाने करायचा, मतदाराला तेवढं कळू द्यायचं नाही. ही कसली निष्पक्षता? शुद्ध लपवाछपवी आहे. मग लोक ओळखीचं वाटणारं आडनाव रंगवतात, नाहीतर रकाना कोरा सोडून देतात.

या कोर्टाने काय फरक पडतो? २०२२ आठवा. गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव, मतपत्रिकेवरचा 'प्रस्ताव ३', लाखो सह्या घेऊन आला होता. छाननी करणाऱ्या मंडळात दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. मजकुरात शब्दांमध्ये नीट जागा सोडलेली नाही या आक्षेपावरून मामला २-२ असा अडकला. शब्दांमधल्या जागेवरून! अखेर सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ५-२ अशा निकालाने प्रस्ताव मतपत्रिकेवर घ्यायला लावला, आणि नोव्हेंबरात तो सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला. बहुमतातले न्यायाधीश रिचर्ड बर्नस्टीन आणि विरोधात गेलेले ब्रायन झारा, दोघेही त्याच मतपत्रिकेवर उभे होते. दोघेही निवडून आले, आठ-आठ वर्षांसाठी. प्रस्तावाला 'हो' म्हणणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होतं?

'न्यायाधीश निवडून आणायचेच कशाला, आपलं भारतातलं कॉलेजियम बरं, न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात' असं म्हणणारे मित्र आहेत. मला ती बंद दाराआडची निवडही तितकीच खुपते.

शेजारच्या ओहायोने २०२२ पासून सुप्रीम कोर्टाच्या उमेदवारांपुढे पक्ष छापायला सुरुवात केली. त्या वर्षी तिन्ही जागा रिपब्लिकनांनी नेल्या. मला निकाल आवडला नाही, पण मतदाराने निदान डोळे उघडे ठेवून तो दिला. मिशिगननेही एक तर पक्ष छापावा, नाहीतर अधिवेशनातली उमेदवारी बंद करावी.

तोवर राज्याच्या संकेतस्थळावरून नमुना मतपत्रिका काढा आणि ३ नोव्हेंबरच्या आधी त्या रकान्यातली नावं शोधून ठेवा. गव्हर्नरबद्दल तुमचं मत कधीच ठरलेलं आहे, मला माहीत आहे.