नवी आवृत्ती अवश्य घ्यावी

शिक्षकहो, वाचन शिकवण्याच्या हस्तपुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली आहे आणि जुनी प्रत हाताशी असताना ती घ्यावी की न घ्यावी, अशा संभ्रमात आपण असाल, तर तो आधी झटकून टाकावा. ती घ्यावीच. मुखपृष्ठावर ‘सुधारित’ असे ठळक छापलेले असताना आत नेमके काय सुधारले, याची चौकशी करणे हे पंगतीत बसून आचाऱ्याची पात्रता विचारण्याइतके अशिष्ट आहे.

तरीही दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरलाच नाही, तर निदान सोयीची पानेच पाहावीत. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दंडयुक्त ‘ल’ऐवजी पाकळीयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ऐवजी देठयुक्त ‘श’ स्वीकारला; त्यानुसार अक्षरांची वळणे बदललेली दिसली, की सुधारणा सिद्ध झाली असे समजून पुस्तक मिटावे. (एवढा बदल फळ्यावर खडूने गिरवून दाखवता येतो, हे खरे, पण खडूच्या कामाचे विमोचन कोणी करत नाही.) मात्र म, ग, र ही तीन अक्षरे आधी घेतली की मुलाला ‘मगर’ आणि ‘गरम’ लगेच वाचता येतात, म्हणून मुळाक्षरे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने न घेता गटागटाने घ्यावीत, हे जुन्या प्रतीतही होते का, ते मुळीच तपासू नये. बहुधा होते. ते असूनही वर्गात ओळच चालू राहिली, याचा विसर नव्या मुखपृष्ठामुळे आपोआप पडतो, हा या आवृत्तीचा सर्वांत मोठा गुण.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. त्यातील ‘अर्थासह’ घड्याळात मावत नसल्याने ते सोडून द्यावे. केंद्रप्रमुख भेटीला आले, की धडा तोंडपाठ असलेल्या मुलाला उभे करावे. त्याचे बोट तिसऱ्या ओळीवर आणि आवाज पाचव्या ओळीवर असला, तरी वेग उत्तम भरतो. धड्याबाहेरचे एखादे साधे वाक्य पुढे ठेवताच तो मुलगा गप्प का होतो आणि त्या क्षणी शिक्षकाने काय करावे, हे जुन्या प्रतीत नसून नवीत असेल, तर ती पदरमोड करूनही घेण्याजोगी ठरेल. पण असल्या कसोटीवर पुस्तके पारखू लागलो, तर छापखान्यांनी जगावे कसे?

राहता राहिली जुनी प्रत. तिच्या समासात ‘रफार आला की अडखळते, आधी शब्द तोंडी म्हणवून घेणे’, ‘सूर्य वाचतो, पर्वत नाही’ असे पेन्सिलीने काहीबाही लिहिलेले असते. ते नव्या प्रतीत उतरवत बसू नये, कारण तपासणीच्या वेळी प्रत कोरी करकरीत दिसलेली बरी. जुनी प्रत सरळ निर्लेखनाच्या, म्हणजे बाद वस्तूंच्या, यादीत घालावी आणि तिच्यात उपयुक्त असे काही उरले नसल्याचा दाखला आपल्याच सहीने जोडावा.